बुद्धिवर्धक औषधे : बाटली उघडण्यापूर्वी

परीक्षा तोंडावर आल्या की घरोघरी ब्राह्मी, शंखपुष्पीच्या बाटल्या दिसू लागतात. मुलाचे पाठांतर व्हावे म्हणून आई ती देते, आजोबांना नावे आठवेनाशी झाली म्हणून सून आणते. ‘झाडपाल्याचेच औषध, गुण आला नाही तरी अपाय नाही,’ असा विश्वास त्यामागे असतो. पण जी वनस्पती मेंदूवर परिणाम करू शकते, ती इतर औषधांच्या कामात ढवळाढवळही करू शकते.

याचे बोलके उदाहरण मुंबईतले आहे. फिट येऊ नयेत म्हणून फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांना पुन्हा झटके येऊ लागले. रक्त तपासले, तर फेनिटॉइनचे प्रमाण घटलेले! दोघेही सोबत शंखपुष्पीचे एक तयार औषध घेत होते. मग उंदरांवर प्रयोग झाले. दोन्ही औषधे काही दिवस एकत्र दिल्यावर तिथेही तेच आढळले. हा अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला.

कोणते औषध, कोणती काळजी?

ब्राह्मी : या नावाने बाजारात दोन वनस्पती मिळतात, खरी ब्राह्मी आणि मंडूकपर्णी. म्हणून वेष्टनावरचे शास्त्रीय नाव वाचावे. ब्राह्मीने काहींना मळमळ, पोटात मुरडा किंवा जुलाब होतात. जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. तिच्या चाचण्या बहुधा 12 आठवडे चाललेल्या आहेत. तेव्हा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती सुरू करून फायद्याची आशा धरणे व्यर्थ आहे.

अश्वगंधा : हिने गुंगी येऊ शकते, म्हणून झोपेच्या गोळ्यांबरोबर नको. थायरॉइडचे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गर्भवतींनी ती टाळावी.

गिंको : अॅस्पिरिन किंवा वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शिवाय 75 वर्षांवरील तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही.

वेखंड : बाळाच्या गुटीतही आपण ते उगाळतो. मात्र त्यातील बीटा-असारोन या घटकाने प्राण्यांमध्ये गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला. तेव्हा वैद्यांच्या सल्ल्याशिवाय ते पोटात देऊ नये.

एवढे अवश्य करा

डॉक्टरांकडे जाताना घरातली काढे, चूर्णे, सिरपही सोबत न्या. ‘ते काही औषध नव्हे’ म्हणून लपवू नका. ऑपरेशन ठरले असेल तर हे विशेष महत्त्वाचे. एका वेळी एकच नवे औषध सुरू करा, म्हणजे त्रास कशाचा हे कळेल. अंगावर पुरळ, डोळ्यांत पिवळेपणा किंवा फार गुंगी दिसली, तर औषध थांबवून लगेच दाखवा. फिटची किंवा हृदयविकाराची चालू औषधे मात्र स्वतःहून बंद करू नका.

आजोबांच्या विसराळूपणामागे बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकारही असू शकतो. साध्या रक्ततपासणीने तो कळतो आणि त्यावर उपचार होतात. सिरपच्या भरवशावर सहा महिने घालवले, तर तेवढा वेळ हातचा जातो. आणि रात्री एकपर्यंत जागणाऱ्या मुलाला बाटलीतल्या दोन चमच्यांपेक्षा पुरेशा झोपेची गरज अधिक असते.