ऑप्टोमेट्रिस्टचे शिक्षण आणि आम्ही वैद्य

प्रयत्न करूनही सुईचे नेढे न दिसणे, हे द्वितीयपटलगत तिमिराचे लक्षण सुश्रुतांनी उत्तरतंत्रात सांगितले आहे. भंडारा जिल्ह्यातील शहापूरसारख्या गावी चाळिशी उलटलेली स्त्री हीच तक्रार सांगते, तेव्हा आम्हांस प्रथम त्रिफलाघृत आठवते. परंतु चाळिशीचा दृष्टिदोष भिंगानेच सावरतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करावयास हवे.

तो दोष मोजण्याचे रीतसर शिक्षण ऑप्टोमेट्रिस्ट घेतो. चेन्नईत १९८५ मध्ये सुरू झालेल्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीने चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम रुजविला; अखेरचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णतपासणीचे. प्रकाशशास्त्र व नेत्ररचना ग्रंथांतून शिकता येतात, रेटिनोस्कोपी मात्र हातानेच साधते. डोळ्याच्या बाहुलीवर प्रकाशाची पट्टी फिरवावयाची, आतून परतणारी आभा तिच्यासोबत सरकते की उलट, हे पाहावयाचे आणि ती हालचाल थांबेपर्यंत भिंगे बदलावयाची. न बोलणाऱ्या बालकाचाही नंबर यावरून कळतो. (नाडीपरीक्षा शिकलेल्यांस या सरावाचे मोल सांगावयास नको.)

भिंगाने दृष्टी न सुधारल्यास रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे, नंबर वारंवार बदलू लागल्यास मधुमेह वा मोतीबिंदूची शंका घेणे, हेही त्याच शिक्षणात येते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक केंद्रीय कायद्यात या व्यवसायाचा समावेश झाला आहे.