शेवटचा मंगळवार

सकाळी ७.३०
चहाबरोबर वही उघडतो. भोसरी एमआयडीसीतल्या काही कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. प्रत्येक यंत्रापुढे दोन तारखा लिहिलेल्या असतात: कधी बसवलं आणि सपोर्ट कधी संपणार. आज १४ ऑक्टोबर २०२५. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० पुढे दुसरी तारीख आजचीच आहे.

९.००
शुक्रवारी वसुबारस, त्यामुळे पहिल्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये बोनसच्या याद्यांची घाई आहे.
"सर, उद्यापासून कॉम्प्युटर बंद पडणार का हो?"
"नाही ताई, चालत राहील. पण यापुढे त्यात नवं भगदाड सापडलं, तर ते बुजवणारा पॅच आपोआप येणार नाही."
चालतंय म्हणजे सुरक्षित आहे, हा समज मोडायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

११.००
मालकांच्या केबिनमध्ये हिशेब मांडतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती इथल्या चौदापैकी नऊ यंत्रांत नाही. मायक्रोसॉफ्ट धंद्याच्या यंत्रांना पैसे घेऊन आणखी तीन वर्षं सुरक्षा पॅच देते. पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट. तीन वर्षांचे ४२७ होतात.
"त्यापेक्षा नवीनच घेऊ की!"
"घ्या साहेब. येईपर्यंत नऊ यंत्रांचं एक वर्ष मात्र भरा. आणि सर्व्हरवरचा एसक्यूएल सर्व्हर २०१६ पुढच्या १४ जुलैला संपतोय."
एसक्यूएल सर्व्हरचा नियम साधा असतो: पहिली पाच वर्षं पूर्ण सपोर्ट, पुढची पाच मुख्यतः सुरक्षेचे पॅच. ही तारीख खरेदीच्या दिवशीच ठरलेली होती. आपण ती बजेटमध्ये लिहिली नाही, एवढंच.

१.३०
डबा.

२.३०
दुसऱ्या कारखान्यात मोजमापाचं मशीन आहे. यंत्र ठणठणीत, पण त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं आणि एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही तातडीचा पॅच दिला. सपोर्टमधल्या आवृत्त्यांना तो मार्चमध्येच मिळाला होता; ज्यांनी वेळेवर लावला, त्यांचं त्या भगदाडापासून रक्षण झालं.
नेटवर्कची केबल काढलेलीच आहे ना, ते बघतो. कॅबिनेट उघडून ब्रशने पंख्यातली धूळ आणि लोखंडाचा बारीक कीस काढतो. मग हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत घेतो, त्याच प्रतीवर यंत्र सुरू करून पाहतो आणि तारखेची चिठ्ठी लावून ती ऑपरेटरच्या कपाटात ठेवतो. न तपासलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

५.००
एका ईआरपी सॉफ्टवेअरवाल्यांचा एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, कागद आलाय. रक्कम ठळक, पण कोणत्या आवृत्तीला कधीपर्यंत सपोर्ट, याचा उल्लेख नाही. सही थांबवायला सांगून मेल टाकतो. फोनवरचं "बघू, करून देऊ" तीन वर्षांनी कुणालाच आठवत नसतं.

रात्री १०.३०
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारचे पॅच मायक्रोसॉफ्टकडच्या सकाळी दहाला सुटतात, म्हणजे आत्ता. विंडोज १० चा हा शेवटचा फुकट हप्ता. घरूनच आधी एका यंत्रावर लावतो. टक्के चढतात, रीस्टार्ट होतं, बिलाची टेस्ट प्रिंट निघते. मग बाकीच्यांवर.

१२.१०
वहीत नऊ ओळींपुढे खूण केली. खाली नव्या यंत्रांसाठी नऊ ओळी आखल्या. पहिली तारीख यंत्रं आल्यावर भरेन. दुसरी मात्र ऑर्डर देण्याआधी भरायची आहे.