मॅचनंतरची पिशवी

रविवारची फुटबॉल मॅच संपवून पोरगं घरी येतं, किटची पिशवी दारामागं भिरकावतं आणि जेवून झोपतं. मंगळवारी प्रॅक्टिसला निघताना ती उघडली की सगळं घर नाकाला पदर लावतं. कोल्हापूरच्या पेठांमध्ये, जिथं एका घरात दोन-दोन खेळाडू, तेही दोन वेगळ्या तालमींच्या संघांतले, असू शकतात, तिथं हे नवीन नाही. मग आई जर्सीवर नेहमीच्या दुप्पट पावडर ओतते, बुटांत टाल्कम शिंपडते. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास, आता गुलाबाच्या वासात मिसळलेला.

मुळात ताज्या घामाला फारसा वास नसतो. दोन्ही पावलांच्या मिळून सुमारे अडीच लाख घामाच्या ग्रंथी असतात. तो घाम, त्वचेचं तेल आणि मेलेली त्वचा यांवर जिवाणू पोसतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक ॲसिडसारखे पदार्थ तयार होतात. काही जुन्या, उग्र चीजलाही हाच दर्प असतो. जिवाणूंना वाढायला ऊब, ओल आणि वेळ लागतो. बंद पिशवीत हे तिन्ही फुकट मिळतं. म्हणून धुण्याआधीचं काम महत्त्वाचं: घरी आल्या आल्या पिशवी उलटी करायची आणि प्रत्येक वस्तू वेगळी, हवेशीर टांगायची. धुणं उद्या केलं तरी चालेल, टांगणं आजच.

जर्सी बहुधा पॉलिस्टरची असते, आणि तिचा स्वभाव सुती बनियनपेक्षा वेगळा. ती पाणी फारसं शोषत नाही, पण अंगाचं तेल मात्र धरून ठेवते. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली २६ जणांच्या व्यायामानंतरच्या टी-शर्टांची तुलना केली, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिस्टरचे शर्ट जास्त वास मारत होते आणि मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू त्यांवर जोमानं वाढले होते. त्यामुळे जर्सी आणि स्टॉकिंग्ज उलटे करायचे, कारण तेल आतल्या बाजूला असतं. अर्धी बादली गार पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवायचं, खळबळून काढायचं, मग डिटर्जंट. पावडर जास्त घातली की फेस धाग्यांत अडकून राहतो आणि तोच पुढं मळ धरतो. फॅब्रिक कंडिशनर तर नकोच. त्याचा थर धाग्यावर बसला की कापड घाम बाहेर टाकेनासं होतं. जांभ्याच्या लाल मातीचे डाग असतील, कोकण-गोव्यात ते असतातच, तर ब्लीच लावू नका. त्या मातीतल्या लोहामुळे डाग आणखी पक्का होतो. लिंबाचा रस बरा. आणि व्हिनेगर व ब्लीच एकत्र तर कधीच नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता बूट. खरी लढाई इथंच. चिखल ओला असताना घासला तर तो शिवणीत शिरतो, म्हणून आधी वाळू द्यायचा. मग दोन बूट एकमेकांवर आपटायचे, राहिलेलं जुन्या टूथब्रशनं काढायचं, स्टडच्या बुडाशी विशेष. लेस आणि आतला सोल बाहेर काढून वेगळे धुवायचे. निम्मा वास त्या सोलात असतो. बूट बादलीत बुडवू नका, डिंक सुटतो. ओल्या फडक्यानं पुसा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभरानं ते ओले होतात, तेव्हा बदला. हे बदलणंच बहुतेकजण विसरतात, मग ओला कागद रात्रभर आतच राहतो. गॅसशेजारी किंवा कडक उन्हात ठेवले तर वरचं कातडं कडक होऊन तडकतं; सावलीत, पंख्याखाली ठेवा.

वाळल्यावर जुन्या मोज्यात दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा भरून गाठ मारायची आणि प्रत्येक बुटात एक अशी रात्रभर ठेवायची. वास आम्लामुळे येतो आणि सोडा अल्कली. दोघांची गाठ पडली की त्या आम्लाचा न उडणारा क्षार बनतो आणि नाकापर्यंत काही पोचत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस पाहण्यात मजा आहे, पण दोघं एकमेकांना संपवतात आणि उरतं खारट पाणी. बूट फ्रीजरमध्ये ठेवायची युक्तीही ऐकू येते. थंडीनं जिवाणू झोपतात, मरत नाहीत. शिवाय शेजारी मटार असतात.

शिनगार्डकडं कुणी बघतच नाही. बाहेरचं प्लॅस्टिक पुसलं की झालं असं वाटतं, पण नडगीला टेकणारा फोम घाम पितो. कापडी बाही असेल तर काढून जर्सीबरोबर, आणि फोम साबणाच्या कोमट पाण्यात हातानं दाबून धुवायचा. फोमची बाजू वर ठेवून वाळवा. गोलकीपरच्या हातमोज्यांच्या लॅटेक्सचा मात्र ऊन हाच शत्रू. कोमट पाण्यात चोळून, न पिळता, दाबून पाणी काढायचं आणि सावलीत टांगायचं.

वळीव सुरू झाला की वाळण्याचीच पंचाईत होते. पूर्ण भिजलेला बूट दुसऱ्या दिवशीही आतून दमट असू शकतो, आणि रोज प्रॅक्टिस असेल तर तो कधीच कोरडा होत नाही. दुसरी जोडी परवडत नसेल तर निदान आतल्या सोलांची दुसरी जोडी घ्या. एक पायात, एक दांडीवर. पायाच्या बोटांमध्ये खाज सुटली, कातडी पांढरी पडून सोलू लागली तर तो बुटाचा प्रश्न राहिलेला नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि हो, ती पिशवीही आठवड्याला एकदा उलटी करून धुवा.