वाशिम जिल्ह्यातील पकड-वॉरंटे व न्यायालयीन अभिलेख : शोधाची साधने व मर्यादा

एखाद्या व्यक्तीच्या नावे पकड-वॉरंट निघाले आहे किंवा नाही, हे केवळ नावावरून पाहता येईल अशी सर्वांस खुली सूची वाशिम जिल्ह्यात नाही. वस्तुतः भारतात कोठेच नाही. अमेरिकेतील कित्येक परगण्यांत तेथील शेरीफ अशा याद्या प्रसिद्ध करतो, आणि त्यावरून आपल्याकडेही तशी सोय असावी असा समज पुष्कळांचा होतो. आपल्याकडील शोध निराळ्या वाटेने करावा लागतो. येथे वॉरंट हा स्वतंत्र अभिलेख नसून तो एखाद्या चालू प्रकरणातील एक कागद असतो. म्हणून वॉरंट शोधावयाचे म्हणजे आधी प्रकरण शोधावयाचे, आणि प्रकरण शोधावयाचे म्हणजे ते कोणत्या न्यायालयाच्या दप्तरात आहे हे निश्चित करावयाचे.

फौजदारी वॉरंटाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ७०, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ७२, यांचा आशय एकच आहे. वॉरंट लेखी असले पाहिजे, त्यावर न्यायाधीशाची सही व न्यायालयाची मोहोर असली पाहिजे, आणि ते बजावले जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करीपर्यंत अंमलात राहते. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. वॉरंटास मुदत नसते. कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेल्या मनुष्याच्या जुन्या पत्त्यावर समन्स जाते, ते न बजावता परत येते, मग जामीनपात्र वॉरंट निघते, त्यानंतर अजामीनपात्र. आणि दहा वर्षांनी तो गावी परतला तरी ते वॉरंट जिवंतच असते. धनादेश न वटल्याची प्रकरणे (चलनक्षम दस्तऐवज अधिनियम, १८८१, कलम १३८) आणि पोटगीच्या थकबाकीची प्रकरणे यांत असे वारंवार घडते. समन्स, जामीनपात्र वॉरंट व अजामीनपात्र वॉरंट या पायऱ्या सामान्यतः क्रमाने चढाव्यात, अजामीनपात्र वॉरंट सहजगत्या काढू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात २००७ मध्ये सांगितले आहे.

वॉरंटाची नोंद कोठे कोठे होते याचे अधिकृत विवेचन महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सापडते. मुंबईतील एका वकिलाविरुद्ध निघालेले अजामीनपात्र वॉरंट न्यायालयाने रद्द केले होते. तरीही २००२ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्याच वॉरंटावरून त्यांना अटक केली. रघुवंश देवानचंद भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, व २०११ मध्ये निकाल देताना न्यायालयाने वॉरंटाच्या नोंदीविषयी निदेश दिले. वॉरंट छापील व क्रमांकित नमुन्यावरच काढावे. त्यावर न्यायाधीशाची पूर्ण व वाचता येईल अशी सही असावी. प्रत्येक न्यायालयाने वॉरंटांची कालक्रमानुसार नोंदवही ठेवावी व तिच्यात नोंद झाल्याखेरीज एकही वॉरंट बाहेर पडू नये. पोलीस ठाण्यानेही मिळालेले प्रत्येक वॉरंट आपल्या वहीत चढवावे. आणि वॉरंट रद्द झाल्यास ते ठाण्यास कळविण्याची व्यवस्था असावी. म्हणजे एकाच वॉरंटाच्या निदान तीन नोंदी असतात. पहिली प्रकरणाच्या रोजनाम्यात, दुसरी न्यायालयाच्या वॉरंट-वहीत, तिसरी ठाण्याच्या वहीत. या तिन्ही नोंदी जुळतीलच असे नाही, आणि त्या जेथे जुळत नाहीत तेथेच मनुष्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उपस्थित होतो. अभ्यासकाच्या दृष्टीनेही हाच भाग सर्वांत मोलाचा आहे.

या तीन नोंदींपैकी सर्वसामान्य जिज्ञासूस सहज पाहता येते ती पहिली. ई-न्यायालय प्रकल्पाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र राज्य, वाशिम जिल्हा व त्यापुढे न्यायालय-संकुल निवडले, की वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड इत्यादी ठिकाणची प्रकरणे पक्षकाराचे नाव, प्रकरण क्रमांक, वकिलाचे नाव अथवा ठाण्याचा गुन्हा क्रमांक यांपैकी कशावरूनही शोधता येतात. प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांकांचा एक कायम क्रमांक असतो. त्यातील पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, त्यानंतरचे दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक प्रकरणाचे व शेवटचे चार वर्षाचे. हा क्रमांक एकदा हाती आला म्हणजे पुढील शोधात चूक होण्याचा संभव राहत नाही. परंतु तो हाती येईपर्यंतच खरी अडचण असते.

अडचण नावांची आहे. पोलीस ठाण्याचे कागद मराठीत असतात, संकेतस्थळावरील नावे मात्र बहुधा रोमन लिपीत घातलेली असतात. विठ्ठल या नावात 'टी' एक की दोन, वाशिमचे आरंभाक्षर 'डब्ल्यू' की 'व्ही', आडनाव आधी की शेवटी, वडिलांचे नाव पूर्ण की केवळ आद्याक्षर, हे सर्व नोंद करणाऱ्या कारकुनाच्या सवयीवर अवलंबून असते. म्हणून नावाची पहिली तीन-चार अक्षरेच घालून, वर्ष बदलीत, प्रलंबित व निकाली अशा दोन्ही गटांत शोध घ्यावा. त्याच वेळी नामसाम्याविषयी सावध राहिले पाहिजे. एकाच गावात एकाच नावाचे चार-पाच इसम सापडणे नवलाचे नाही. वडिलांचे नाव, वय व गाव जुळल्यावाचून कोणतीही नोंद कोणाच्याही नावावर मांडू नये. गुन्हा क्रमांक व ठाणे ठाऊक असल्यास नावाच्या घोळात पडण्याचे कारणच उरत नाही. संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर ठेवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशन प्रकरणात सांगितले. त्यामुळे तेव्हापासूनचे बहुसंख्य अहवाल महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाण्यावार पाहता येतात.

प्रकरण सापडले की त्यातील 'टप्पा' हा रकाना पाहावा. समन्स, जामीनपात्र वॉरंट, अजामीनपात्र वॉरंट असे शब्द तेथे संक्षेपाने लिहिलेले असतात. आर. सी. सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला व एस. सी. सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, हे संक्षेपही परिचयाचे असावे लागतात. परंतु 'टप्पा' हा पुरावा नव्हे. तारखेस वॉरंट प्रत्यक्ष निघाले काय, ते बजावले गेले काय, रद्द झाले काय, याचे उत्तर रोजनामाच देतो, आणि रोजनाम्याची विश्वसनीय प्रत म्हणजे न्यायालयाच्या नक्कल विभागातून मिळालेली प्रमाणित नक्कल.

नकलेच्या अधिकाराविषयी बराच घोटाळा आहे. न्यायालयीन अभिलेख हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत व त्यांच्या प्रमाणित प्रती मिळतात (भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, कलमे ७४ व ७५). पक्षकारास नक्कल मिळण्यास फारसे सायास पडत नाहीत. तिऱ्हाइतास मात्र उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे कारण दाखवून अर्ज करावा लागतो. 'संशोधनार्थ' एवढा मोघम शब्द लिहिण्यापेक्षा कोणत्या वर्षांतील, कोणत्या प्रकारचा व कशासाठी कागद हवा हे स्पष्ट लिहिणे हिताचे ठरते. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून हा मार्ग टाळता येईल असे अनेकांस वाटते. तसे होत नाही. न्यायिक बाजूचे कागद न्यायालयाच्या नियमांनुसारच मागितले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात दिला.

पोलीस ठाण्याची वॉरंट-वही जनतेस खुली नसते, व तपासास बाध येईल अशी माहिती देण्याचे नाकारता येते. पण अटक झालेल्या व्यक्तींची गोष्ट वेगळी. नव्या संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात व जिल्ह्याच्या ठिकाणी अटक केलेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप दर्शनी भागी लावणे आवश्यक आहे. फरारी आरोपीविषयी निघालेली उद्घोषणा (कलम ८४) तर प्रसिद्ध व्हावी म्हणूनच काढली जाते. कलम ३५६ खाली फरारी घोषित गुन्हेगाराच्या अनुपस्थितीत खटला चालवावयाचा झाल्यास वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते. त्यामुळे स्थानिक दैनिकांच्या फायली हे यापुढे एक उपयुक्त साधन ठरेल. १ जुलै २०२४ पूर्वी सुरू झालेली प्रकरणे जुन्या संहितेप्रमाणेच चालत असल्याने पुढील काही वर्षे दोन्ही संहितांचे कलमांक एकाच न्यायालयात एकत्र आढळतील, हेही विसरू नये.

प्रत्येक पकड-वॉरंट फौजदारीच असते असेही नाही. पैशाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी दिवाणी न्यायालय ऋणकोस अटक करविते. ते वॉरंट बेलिफ बजावतो, आणि त्याची नोंद मूळ दाव्यात नव्हे तर दरखास्तीच्या कागदांत असते. केवळ पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्यावरून तुरुंगात घालता येत नाही, हे १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस निर्णयापासून निश्चित झाले आहे. स्त्रियांस तर अशा वसुलीसाठी अटक करताच येत नाही. तहसील कार्यालयातील कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोरील शांतताभंगाच्या कारवाया, ज्यांस व्यवहारात 'चॅप्टर केस' म्हणतात, त्या ई-न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळत नाहीत.

जुन्या काळाकडे वळले की जिल्ह्याची सीमा हाच पहिला प्रश्न होतो. आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या सत्र खटल्यांचा माग अकोल्यापासून काढावा. पण त्याही मागे, १९०५ पर्यंत, बासीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. त्या वर्षाच्या पुनर्रचनेत तो मोडला. बासीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडले गेले आणि पुसद आजच्या यवतमाळ जिल्ह्यात गेला. कारंजाची कथा निराळी आहे. ते गाव मूर्तिजापूर तालुक्यात होते, व तो तालुका १९०५ पर्यंत अमरावतीकडे होता. त्यामुळे १९०० सालचा कारंजाचा एखादा खटला वाशिमात किंवा अकोल्यात शोधणाऱ्याचे श्रम वाया जातात. वरिष्ठ न्यायालयही बदलत गेले. नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयाची जागा १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाने घेतली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर हा प्रदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली गेला. न्याय व कार्यकारी शाखा अलग करणारा मुंबईचा १९५१ चा कायदा त्या वेळी मध्यप्रदेशात असलेल्या या तालुक्यांस लागू नव्हता. तहसीलदारांकडे दंडाधिकाराचे काम असल्याने त्या काळातील किरकोळ फौजदारी कागद महसुली दप्तरखान्यातही पाहावेत.

जुने कागद सर्वच टिकलेले असतील अशी अपेक्षा धरू नये. न्यायालयीन अभिलेखांचे वर्ग पाडून प्रत्येकाची जतनाची मुदत ठरविलेली असते आणि मुदतीनंतर नाश केला जातो; निकालपत्र राहते, समन्स-वॉरंटासारखे कागद जातात. अशा वेळी निकालपत्रातील घटनाक्रम व नोंदवह्यांतील एका ओळीच्या नोंदी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

प्रसिद्धीच्या बाबतीत दोन निर्बंध कायद्यानेच घातलेले आहेत. लैंगिक अपराधातील पीडित व्यक्तीची ओळख उघड करता येत नाही, आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ बालकांच्या बाबतीत तोच निर्बंध घालते. अभिलेख हाती आला म्हणून त्यातील नाव छापण्याचा अधिकार हाती येत नाही. ज्याच्या स्वतःच्या नावे वॉरंट असल्याचे आढळेल त्याने मात्र ठाण्यात चौकशी करीत न बसता वकिलामार्फत, किंवा ऐपत नसल्यास वाशिम येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन, ज्या न्यायालयाने ते काढले तेथेच रद्द करण्याचा अर्ज द्यावा, आणि रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल ठाण्यात पोचवून पोच घ्यावी.