तणनाशक आणि पेन्सिलीच्या खुणा

शेतात तणनाशक फवारले की काही दिवसांत तण पिवळे पडून वाळते. फवारणारा माणूस मात्र संध्याकाळी हातपाय धुऊन जेवायला बसतो. मग हे औषध तणाला मारते आणि माणसाला का मारत नाही? वर्गात एखादा विद्यार्थी असा प्रश्न विचारील, तेव्हा त्याला काय सांगावे?

ग्लायफोसेट या १९७४ पासून बाजारात असलेल्या तणनाशकाचे उदाहरण घेऊ. वनस्पतीच्या पेशीत काही अमिनो आम्ले तयार करणारी रासायनिक क्रियांची एक साखळी असते. त्यातील एक विकर ग्लायफोसेट अडवून धरते. अमिनो आम्लांवाचून प्रथिने बनत नाहीत आणि वनस्पती मरते. माणसाच्या पेशीत ही साखळीच नसते. ती अमिनो आम्ले आपल्याला अन्नातून मिळतात. कुलूपच नाही तर किल्ली काय करणार, असा हा युक्तिवाद आहे. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. रसायनाचा परिणाम त्याच्या नेमलेल्या लक्ष्यापुरताच राहतो, असा निसर्गाचा नियम नाही.

इथे थोडे पेशीत डोकावू. आपल्या यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींत जनुके तीच असतात, तरी दोघींची कामे वेगळी. असे का? समजा, सर्व वर्गांना एकच पाठ्यपुस्तक दिले, पण प्रत्येक शिक्षकाने आपापल्या प्रतीत पेन्सिलीने 'हा धडा वगळा' अशा खुणा केल्या. छापील मजकूर तोच, शिकवणे मात्र वेगळे. डीएनएमधील सायटोसिन या घटकाला जोडला जाणारा मिथिल गट ही अशीच एक खूण आहे. जनुकाच्या आरंभाजवळ अशा खुणा दाटीने असल्या की ते जनुक सहसा मूक राहते. पेशीचे विभाजन होताना विशिष्ट विकरे या खुणांची नक्कल करतात, तर 'टेट' नावाची विकरे त्या खोडण्याचे काम सुरू करतात. मजकूर न बदलता होणाऱ्या या नियंत्रणाला अधिजनुकीय किंवा एपिजेनेटिक नियंत्रण म्हणतात.

रसायन घातक आहे का हे पाहण्यासाठी जिवाणूंवर एक प्रचलित चाचणी करतात. तिच्यात उत्परिवर्तन, म्हणजे मजकुरातील मुद्रणदोष, शोधला जातो. पेन्सिलीची खूण पुसली गेली तर ती या चाचणीला दिसतच नाही.

म्हणून २०१९ साली फ्रान्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांनी स्त्रीच्या स्तनातील, कर्करोग नसलेल्या पेशी अतिशय कमी मात्रेतील ग्लायफोसेटच्या संपर्कात २१ दिवस वाढवल्या. त्या पेशींच्या डीएनएवरील मिथिल खुणा एकंदरीत कमी झाल्या आणि त्यामागे 'टेट-३' या विकराचा मार्ग असल्याचे दिसले. या पेशी उंदरांत घातल्या, तेव्हा केवळ ग्लायफोसेटमुळे गाठी झाल्या नाहीत. मात्र स्तनांच्या कर्करोगाशी संबंधित एका सूक्ष्म आरएनएचे प्रमाणही त्यांच्यात वाढवले, तेव्हा गाठी झाल्या. याचा अर्थ, तणनाशकाने रोग केला नाही, पण पेशीला रोगाकडे झुकते केले असावे.

यावरून 'तणनाशकाने कर्करोग होतो' असा निष्कर्ष काढायचा का? नाही. काचपात्रातील पेशींना यकृत नसते, मूत्रपिंड नसते. २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला 'बहुधा कर्ककारक' ठरवले. तर अमेरिकेत फवारणी करणाऱ्या ५४ हजारांहून अधिक लोकांच्या २०१८ मधील अभ्यासात एकूण कर्करोगाशी त्याचा संबंध आढळला नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याची परवानगी दहा वर्षांनी वाढवली. भारत सरकारने मात्र ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने त्याचा वापर कीड-नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित केला. एकाच रसायनाबाबत असे निरनिराळे निर्णय का होतात, यावर वर्गात चांगली चर्चा घडवता येईल.

तोवर आपण विद्यार्थ्याला एवढे नक्की सांगू शकतो: लगेच काही झाले नाही म्हणजे काहीच झाले नाही, असे समजू नये. घरी वडील किंवा आई फवारणीला जात असतील, तर हातमोजे, तोंडावर मुखवटा, वाऱ्याकडे पाठ आणि काम संपताच अंघोळ, हे त्याने घरी सांगावे. खुणा नेमक्या किती पुसल्या जातात, हे शोधणे आमचे काम आहे. पण त्या पुसण्याची संधी कमी ठेवणे आपल्या सर्वांच्या हाती आहे.