लहान घास, पण दाट

मुलाचे वजन कमी आहे का, हे शेजारच्या मुलाशी तुलना करून ठरत नाही. वय आणि वजनाच्या तक्त्यावरून ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार वर्षाच्या मुलाचे सर्वसाधारण वजन ९.६ किलो, तर मुलीचे ८.९ किलो असते. मुलगा ७.७ किलोच्या किंवा मुलगी ७ किलोच्या खाली असेल, तर वजन कमी मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.१ टक्के बालके अशी कमी वजनाची आढळली.

बालकांचे कुपोषण कमी करण्यासाठी राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतून, सुरू झाले. पुढे राज्यभर उभ्या राहिलेल्या ग्राम बाल विकास केंद्रांत तीव्र कुपोषित बालकांना अंगणवाडीतच दिवसातून अनेकदा थोडे थोडे खाऊ घालून सावरण्याची रीत रुळली. घरच्या स्वयंपाकघरालाही हीच रीत लागू पडते.

कारण साधे आहे. लहान मुलाचे पोट छोटे असते. पातळ वरणाच्या पाण्याने किंवा चहा-बिस्किटाने ते भरते, पण अंगी लागत नाही. म्हणून घास दाट हवा. मऊ वरणभातात किंवा खिचडीत एक चमचा तूप घातले, की सुमारे ४५ कॅलरी वाढतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. लहानग्यांना अख्खे दाणे घशात अडकण्याची भीती असते. त्यांना बारीक कूट द्यावे. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, मुगाचे धिरडे, गूळ घातलेली नाचणीची पेज, उकडलेले अंडे, दही, केळे आणि हंगामात सीताफळ हे सारे उपयोगी आहे. यातले बहुतेक जिन्नस जवळच्या किराणा दुकानात आणि भाजीवाल्याकडे मिळतात. त्यासाठी महागडी डबाबंद पावडर लागत नाही.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. त्यानंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत, शक्य असल्यास पुढेही, स्तनपान चालू ठेवावे. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार जेवणे आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ द्यावा. जेवणाआधी चहा, सरबत किंवा पाकिटातला चटपटीत खाऊ देऊ नये, भूक मरते. आजारपणात थोडे थोडे भरवत राहावे आणि बरे झाल्यावर काही दिवस एक जेवण वाढवावे. बळजबरी केल्यास मूल ताटालाच घाबरू लागते.

पोटभर खाऊनही वजन वाढत नसेल, तर जंत, रक्तक्षय, क्षयरोग किंवा वारंवार होणारे जुलाब यांची तपासणी करून घ्यावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पावलांना सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण होय. अशा बालकाला लगेच रुग्णालयात न्यावे.

अंगणवाडीत बालकांचे वजन मोफत होते. दर महिन्याला ते करून नोंद ठेवावी. वाढीची रेघ खाली वळताच ताटातला घास दाट करावा.