म्हातारपणाचा पगार

हातपाय चालतात तोवर माणूस कमावतो. हातपाय थकले की पुढे काय? सरकारी नोकराला पेन्शन असते. पण जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या बाईचे काय? तिला कोण पेन्शन देणार?

कोणी म्हणेल, "मुलं सांभाळतील की!" खरे आहे. आईबापांना सांभाळणे हे मुलांचे कामच आहे. पण मुलगाच रोजंदारीवर असला तर? कुणाची मुले पोटासाठी दूर शहरात जातात. कुणाला मूलच नसते. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या पाठीशी सगळ्यांनी मिळून उभे राहावे लागते. आपण सारे कर भरतो. काडेपेटी घेतली तरी त्यात कर असतो. त्या पैशातूनच ही पेन्शन देतात.

"पण गरीब देशाला हे परवडतं का?" असेही लोक विचारतात. आपला शेजारी नेपाळ पाहा. डोंगराळ मुलूख, पैशाने गरीब. त्या नेपाळने १९९५ साली ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना महिना १०० रुपये द्यायला सुरुवात केली. रक्कम लहान होती. पण सरकारने विचारले ते वय. शेत किती, घर केवढे, हे विचारले नाही. पुढे २००८ साली वयाची अट ७० वर आली आणि रक्कम ५०० झाली. दलितांना आणि कर्णाली या दुर्गम भागातल्या लोकांना तर ६० व्या वर्षापासूनच पैसे मिळू लागले. २०२१ साली ही रक्कम ४,००० नेपाळी रुपये झाली.

त्याच १९९५ साली, १५ ऑगस्टला, आपल्या देशातही वृद्धांसाठी पेन्शन सुरू झाली. तेव्हा केंद्र सरकार महिना ७५ रुपये देई. २००६ साली त्याचे २०० झाले. महाराष्ट्रात त्याआधीच, १९८० साली, संजय गांधी निराधार योजना निघाली होती. पुढे ६५ वर्षांवरच्या गरिबांसाठी श्रावणबाळ योजना आली. २०२३ साली राज्याने ही मदत महिना १,५०० रुपये केली.

मात्र एक फरक आहे. आपल्याकडे वयाबरोबर गरिबीही सिद्ध करावी लागते. पैसा थोडा, तेव्हा आधी गरिबाला द्यावा, हा विचार चांगला आहे. पण यात एक मेख आहे. जो सर्वांत गरीब, त्याच्याकडेच कागद नसतो. त्यालाच तालुक्याला जायला गाडीभाडे नसते. मग ज्याची ओळख आहे त्याचे नाव यादीत लागते, आणि गरजू म्हातारी मागे राहते.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. आता आपल्याला वाचता येते. वाचता येणाऱ्याने शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचा अर्ज भरून द्यावा. अर्ज तहसील कचेरीत द्यायचा असतो. वयाचा, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला जोडावा. शाळा पाहिली नसेल तर मतदार यादीचा उतारा किंवा सरकारी दवाखान्यातला वयाचा दाखलाही चालतो. अर्ज दिला की पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. पोच नसली तर "अर्ज आलाच नाही" असे ऐकावे लागते. पेन्शन सुरू झाल्यावरही दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नये. नाहीतर पैसे थांबतात.

ग्रामसभेला जावे. तिथे यादी मोठ्याने वाचायला सांगावी. कोणाचे नाव राहिले, ते गावालाच ठाऊक असते.

आणि ही भीक आहे, असे मनात आणू नये. ज्यांनी आयुष्यभर धान्य पिकवले, विहिरी खोदल्या, रस्ते बांधले, त्यांच्या कष्टांवरच हा देश उभा आहे. उतारवयात त्यांच्या हातावर चार पैसे पडले, तर तो त्यांचा हक्कच आहे.